संकेतस्थळावरील छायाचित्रे : शोभा नव्हे, साक्ष



गावात शासनाचा निरोप पोहोचविण्याचे काम एके काळी दवंडी करीत असे. चावडीच्या भिंतीवर लावलेली नोटीस ही त्यापुढची पायरी. आज ग्रामपंचायती, शाळा आणि शासकीय कार्यालये यांची संकेतस्थळे तेच कार्य करीत आहेत. साधन बदलले; परंतु सांगितलेले खरे असावे आणि ते सर्वांपर्यंत पोहोचावे, ही जुनी कसोटी कायम आहे. संकेतस्थळासाठी कोणते छायाचित्र निवडावे, हा प्रश्न वरवर सजावटीचा वाटतो. वस्तुतः तो याच कसोटीचा प्रश्न होय.

समारंभ नव्हे, काम

अनेक संकेतस्थळे उघडताच सत्कार, उद्घाटन आणि व्यासपीठ यांचीच चित्रे दृष्टीस पडतात. समारंभाला त्याचे स्थान आहे. पण पाणीपुरवठा योजनेची माहिती शोधणाऱ्या नागरिकाला हारतुऱ्यांतून काहीच उमगत नाही. दारातल्या नळाखाली भरत असलेला हंडा त्याला अधिक सांगतो. पाझर तलावाची एकाच जागेवरून वैशाखात आणि पावसाळ्यानंतर घेतलेली दोन चित्रे कित्येक परिच्छेदांचे काम करतात. शब्दांनी जे सांगता येत नाही ते चित्र सांगते काय, हा निवडीचा पहिला निकष असावा.

दुसरा निकष सत्याचा. दुसऱ्याच प्रदेशातील हिरवे शिवार आपल्या गावाच्या नावाखाली झळकविले, तर ते प्रथम गावकऱ्यांच्याच लक्षात येते. मग शेजारी दिलेल्या खर्चाच्या आकड्यांवरही त्यांचा विश्वास बसेनासा होतो. म्हणून प्रत्येक चित्राखाली स्थळ, विषय, महिना आणि वर्ष यांचा उल्लेख अवश्य असावा. काम अपुरे असेल तर अपुऱ्या कामाचे चित्र देण्यात कमीपणा नाही.

माणसाचा मान

लाभार्थी ही प्रदर्शनाची वस्तू नव्हे. अडचणीच्या काळात मदत स्वीकारणाऱ्या स्त्रीचा चेहरा जगापुढे मांडण्यापूर्वी तिची संमती घ्यावयास हवी. चित्र कोठे व कशासाठी दिसणार, हे तिला समजेल अशा शब्दांत सांगणे हा संमतीचाच भाग होय. विद्यार्थ्यांच्या बाबतीत पालकांची परवानगी घ्यावी. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या आणि अत्याचारपीडित बालकांची ओळख उघड करण्यास २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने मनाई केली आहे. भ्रमणध्वनीवर काढलेल्या चित्रात पुष्कळदा ते जेथे काढले त्या जागेची नोंदही दडलेली असते. मुलांची वा खाजगी घरांची चित्रे देताना ती नोंद काढून टाकणे इष्ट.

इंटरनेटवर सापडलेले चित्र म्हणजे बेवारस माल, ही समजूतही चुकीची आहे. १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार अधिनियमानुसार छायाचित्राचा अधिकार सामान्यतः ते काढणाऱ्याकडे असतो आणि त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. खाली नुसते नाव छापल्याने परवानगी मिळाली असे होत नाही. त्यापेक्षा गावातीलच शिक्षकाने किंवा ग्रामसेवकाने काढलेले साधे चित्र निर्धोक आणि बोलकेही ठरते.

सर्वांपर्यंत पोहोचावे

चित्राला वजनही असते. चार मेगाबाइटचे एक चित्र, सेकंदाला एक मेगाबिट वेगाच्या जोडणीवर उघडण्यास सुमारे ३२ सेकंद घेते. तेच चित्र आकार कमी करून २०० किलोबाइटचे केले, तर दोन सेकंदांच्या आत दिसते आणि पडद्यावर फरक क्वचितच जाणवतो. डोंगरपट्ट्यातील वस्तीवर एखादा शेतकरी अर्जाची मुदत पाहावयास बसतो, तेव्हा हा अर्ध्या मिनिटाचा फरक लहान राहत नाही. पाच चित्रांच्या ओझ्याखाली मुदतीची ओळ दिसण्यापूर्वीच तो कंटाळून पान बंद करतो.

ज्यांना दिसत नाही, त्यांचेही संकेतस्थळ आहे. अंध नागरिकाचा संगणक पानावरील अक्षरे वाचून दाखवितो. चित्रातील वस्तू तो तितक्या सहजपणे सांगू शकत नाही. यासाठी चित्राला जोडून एक-दोन वाक्यांचा पर्यायी मजकूर द्यावयाचा असतो. 'छायाचित्र क्रमांक तीन' असे लिहून काही साधत नाही. 'शाळेच्या पायऱ्यांलगत बांधलेला चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार' असे लिहिले की अर्थ पोहोचतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाला आणि शासकीय संकेतस्थळांसाठीच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांना हेच अभिप्रेत आहे.

एक प्रचलित चूक येथे नमूद केली पाहिजे. ग्रामसभेची नोटीस कागदावर छापून तिचे नुसते छायाचित्र संकेतस्थळावर टाकले जाते. अशी नोटीस अंध व्यक्तीला ऐकता येत नाही आणि शोध घेणाऱ्याला बहुधा सापडतही नाही. नोटीस ही अक्षरांतच असावी. शिक्क्याची प्रत सोबत जोडण्यास हरकत नाही.

या साऱ्यासाठी मोठा खर्च लागत नाही. चित्र चढविणाऱ्याने क्षणभर थांबून स्वतःला पाच गोष्टी विचारल्या की पुरे : हे उपयोगी आहे काय, खरे आहे काय, संमती व परवानगी आहे काय, हलके आहे काय आणि न पाहताही समजेल काय? दवंडी पिटणारा गावाच्या शेवटच्या घरापर्यंत चालत जात असे. संकेतस्थळानेही तेथवर पोहोचावे, एवढीच अपेक्षा आहे.