इशारे अनेक, कारण एक : स्वयंचलित ठिबक संचातील बिघाड कसा शोधावा?

(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



आपल्यापैकी काहींनी डाळिंब व द्राक्ष बागेत स्वयंचलित ठिबक संच बसविले आहेत. बिघाड झाला की मोबाईलवर संदेश येतो. परंतु 'दाब कमी', 'प्रवाह कमी', 'क्षारता जास्त', 'ओलावा कमी' असे संदेश एकापाठोपाठ आले की नेमके काय बिघडले हे उमगत नाही. काही जण कंटाळून संदेशच बंद करतात. मात्र डाळिंबाची फळे फुगत असताना ओलाव्यात चढउतार झाल्यास ती तडकतात आणि वर्षाची मेहनत वाया जाते.

मोठ्या कारखान्यांनाही ही अडचण येते. ब्रिटनमधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात २४ जुलै १९९४ रोजी स्फोट झाला. त्याआधीच्या ११ मिनिटांत दोन चालकांसमोर २७५ इशारे आले होते. बंद असलेला एक व्हॉल्व्ह यंत्रावर उघडा दिसत होता. ही मुख्य गोष्ट त्या गर्दीत त्यांच्या ध्यानात आली नाही.

म्हणून संदेश सुटे न वाचता पाण्याच्या वाटेने वाचावेत : विहीर, पंप, फिल्टर, मुख्य नळी, व्हॉल्व्ह, तोट्या आणि शेवटी मुळांजवळची जमीन. वर बिघडले की खाली परिणाम दिसतो. फिल्टर तुंबला की पुढे दाब व प्रवाह घटतो. खताचा पंप ठराविक वेगाने चालत असल्यास कमी पाण्यात तेवढेच खत जाते व क्षारता वाढते. ओलावा सर्वांत शेवटी घटतो. अशा वेळी खताचे द्रावण बदलून उपयोग नाही, फिल्टर धुवावा.

कारण ओळखण्याच्या खुणा पुढीलप्रमाणे आहेत :

१) फिल्टरआधीचा दाब वाढला, नंतरचा घटला : फिल्टर तुंबला. दोन्हींतील फरक ०.५ किलो प्रति चौ. सें.मी. होण्यापूर्वीच तो साफ करावा.

२) दोन्ही दाब व प्रवाह घटले : पंप, वीज किंवा विहिरीतील पाणी तपासावे.

३) दाब घटला, पण प्रवाह वाढला : नळी फुटली.

४) दाब ठीक, एकाच भागात ओलावा कमी : तेथील व्हॉल्व्ह, तोट्या किंवा ओलावामापक पाहावा.

मोबाईलवर आधी आलेला संदेश हा आधी झालेला बिघाड असेलच असे नाही. रेंज नसल्यास संदेश उशिरा पोहोचतो. म्हणून नियंत्रक यंत्रातील नोंदीची वेळ पाहावी. मूळ दोष काढल्यावर पुरेसे पाणी देऊनही एखादा संदेश येतच राहिला, तर त्याचे कारण वेगळे आहे असे समजून पुन्हा विहिरीपासून तपासणी सुरू करावी.