चिठ्ठी नसलेला रुमाल
(नभोवाणीवरील भाषण)



पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत. बाहेरून पाहिले तर एक रुमाल दुसऱ्यासारखाच. आत काय आहे हे सांगणारी नोंद हरवली, की कागद शाबूत असूनही नसल्यासारखाच होतो. संगणकाच्या जगात हीच जुनी अडचण नव्या वेषात उभी आहे.

ज्याला ‘क्लाऊड’ म्हणतात ते आकाशातील काही नव्हे. दूरच्या इमारतीत ओळीने मांडलेली दुसऱ्याची यंत्रे आपण भाड्याने वापरतो, इतकेच. ॲमेझॉनने २००६ साली ही सेवा विकावयास आरंभ केला; २०१६ मध्ये तिची केंद्रे मुंबईत आणि २०२२ मध्ये हैदराबादेत सुरू झाली. पूर्वी यंत्र घ्यावयाचे तर मागणीपत्र, मंजुरी, पावती असे टप्पे असत. आता कळ दाबताच यंत्र हाती येते आणि भाडे चढू लागते. ती कळ कशासाठी दाबली, हे मात्र यंत्राच्या अंगावर लिहिलेले नसते. ते लिहिण्याची सोय म्हणजे ‘टॅग’. टॅग ही दोन भागांची चिठ्ठी होय : एका भागात प्रश्न, दुसऱ्यात उत्तर. मालक? हिशेब विभाग. काम? चाचणी. ॲमेझॉनकडे एका साधनास असे ५० टॅग लावता येतात.

या चिठ्ठ्यांची तपासणी म्हणजे कोरी साधने मोजणे, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. पहिला प्रश्न लेखनाचा. ॲमेझॉनच्या पद्धतीत इंग्रजी लहान व मोठी अक्षरे भिन्न मानली जातात. त्यामुळे एकाच विभागाचे नाव दोघांनी दोन तऱ्हांनी लिहिले, तर बिलात दोन विभाग अवतरतात. गुगलने आपल्या लेबलांत मोठ्या अक्षरांना मज्जावच केला आहे.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर, आणि तो खरेपणाचा. साखरेच्या डब्यात मीठ भरले तरी डब्यावरची चिठ्ठी साखरच म्हणत राहते. ‘चाचणी’ असा टॅग असलेले यंत्र कालांतराने खऱ्या ग्राहकांच्या सेवेस लागते. टॅग कोणी बदलत नाही. मग काटकसर म्हणून चाचणीची सर्व यंत्रे रात्री बंद करण्याचा हुकूम सुटतो, आणि ग्राहकांचे कामही त्यांबरोबर थांबते. कोरी चिठ्ठी निदान सावध करते; खोटी चिठ्ठी विश्वासाने फसवते.

तिसरा प्रश्न वेळेचा. आज लावलेला टॅग गेल्या महिन्याच्या खर्चावर आपोआप चढत नाही. शिवाय ॲमेझॉनकडे तो हिशेबासाठी वेगळा चालू करावा लागतो. म्हणून चिठ्ठी जन्मतःच लागली पाहिजे. ती नसेल तर साधन निर्माणच होऊ नये, असा नियम यंत्रणेत घालता येतो. प्रवेशाचे अधिकारही टॅगवर ठरवता येतात. तसे केले असेल, तर टॅग बदलण्याचा अधिकार हा किल्लीचाच अधिकार समजावा. आणि गुप्त किंवा खाजगी मजकूर टॅगात मुळीच लिहू नये, कारण तो अनेकांच्या दृष्टीस पडतो.

तेव्हा करावे काय? टॅग थोडे असावेत : मालक, काम, खर्चाचे खाते, मुदत. उत्तरे ठरलेल्या यादीतूनच घ्यावीत. मालक म्हणून व्यक्तीपेक्षा विभाग लिहावा, कारण माणसे नोकरी सोडून जातात. दर तिमाहीस काही साधने निवडून नोंदीतल्या विभागास विचारावे, “हे तुमचेच ना? अजून लागते ना?” आणि बेवारशी साधन दिसताच ते पुसून टाकू नये. आधी चौकशी करावी, मग त्यातील मजकुराची प्रत ठेवून ते थांबवावे, काही आठवडे वाट पाहावी, आणि कोणीच विचारीत आले नाही तर मग काढावे. त्या बेवारशी रुमालात एखाद्या संस्थेचा एकुलता एक हिशेब असू शकतो. वाट पाहण्याचे भाडे थोडे असते. पुसलेला हिशेब मात्र कोणत्याही भाड्याने परत मिळत नाही.