पगार नाकारणारी पलटण आणि हातांनी ओढलेली गाडी
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यवाहांनी "यंदा तुम्ही बोला" असं सांगितलं तेव्हा मी घाबरलोच. मी डिप्लोमावाला माणूस. इंजिन, डबे, ब्रेक यांपलीकडे माझं बोलणं जात नाही. पण वाचनाची थोडी आवड आहे. आज एका पलटणीची गोष्ट सांगतो. फिरून ती आपल्या रुळांवरच येते.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झालं. दक्षिणेकडच्या राज्यांना गुलामगिरी टिकवायची होती, म्हणून ती फुटून निघाली होती. १ जानेवारी १८६३ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी मुक्तीचा जाहीरनामा काढला आणि कृष्णवर्णीयांना सैन्यात घेण्याचा मार्ग मोकळा झाला. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर जॉन अँड्र्यू यांनी ५४ वी मॅसॅच्युसेट्स ही पायदळाची पलटण उभारली. शिपाई कृष्णवर्णी, अधिकारी गोरे. कर्नल होते रॉबर्ट गूल्ड शॉ, वय अवघं २५. स्वतः गुलामीतून पळालेले थोर वक्ते फ्रेडरिक डग्लस यांचे दोन मुलगेही या पलटणीत भरती झाले.

१८ जुलै १८६३ च्या संध्याकाळी या पलटणीने चार्ल्सटन बंदराजवळच्या फोर्ट वॅग्नरवर हल्ला चढवला. सुमारे ६०० जण गेले. मेलेले, जखमी, पकडलेले आणि बेपत्ता मिळून २७० च्या वर झाले. कर्नल शॉ तटावरच पडले. शत्रूने त्यांना त्यांच्या शिपायांबरोबर एकाच खड्ड्यात पुरलं. पुढे शॉ यांच्या वडिलांनी सांगितलं, की त्याला तिथून हलवू नका, तो आपल्या माणसांतच राहू द्या. जखमी अवस्थेत निशाण परत आणणारे सार्जंट विल्यम कार्नी यांना सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, पण ते १९०० साली!

आता पगाराचं ऐका. भरतीच्या वेळी सांगितलं होतं, गोऱ्या शिपायाइतकाच, महिना १३ डॉलर. प्रत्यक्षात देऊ केले १०, आणि त्यातूनही कपड्यांचे ३ कापून हातात ७. पलटणीने काय करावं? बंड केलं नाही. ड्यूटी सोडली नाही. पण पगारही घेतला नाही. "द्याल तर पूरा द्या!" फरकाची रक्कम आम्ही भरतो, असं राज्य सरकार म्हणालं. तेही नाकारलं. कारण प्रश्न ६ डॉलरचा नव्हता, शिपाई म्हणून बरोबरीने मोजले जाण्याचा होता. घरी बायका-मुलांचे हाल होत होते, तरी माणसं ढळली नाहीत.

आणि आता आपल्या खात्याचा भाग. २० फेब्रुवारी १८६४, फ्लोरिडातलं ओलस्टी. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावून तेव्हा ११ वर्षंही झाली नव्हती. उत्तरेच्या सैन्याचा तिथे मोठा पराभव झाला. माघार घेणाऱ्या सैन्याची पिछाडी सांभाळायला ५४ वी पलटण उभी राहिली. पुढे वाटेत जखमींनी भरलेली एक गाडी अडकली होती, इंजिन नादुरुस्त. रणांगणावर मागे राहिलेल्या कृष्णवर्णी जखमींना ठार मारल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे गाडी सोडून जाणं म्हणजे काय, हे यांना कळत होतं. थकलेल्या पलटणीला उलट पाठवण्यात आलं. त्यांनी इंजिनाला आणि डब्यांना दोरखंड बांधले आणि गाडी हातांनी ओढली. सुमारे तीन मैल अशी नेल्यावर घोडे मिळाले. मग माणसं आणि घोडे मिळून तिला जॅक्सनव्हिलपर्यंत नेलं. एकूण सुमारे दहा मैल, ४२ तास.

आपण यार्डात पहार लावून वॅगन सरकवतो. सपाट रुळावर चालत्या गाडीला टनामागे चार-पाच किलोची ओढ पुरते, पण थांबलेली गाडी हलवायला त्याहून जास्त जोर लागतो. तो जोर लावणाऱ्या माणसांनी तोवर पगाराचा एक डॉलरही घेतलेला नव्हता. जून १८६४ मध्ये तिथल्या संसदेने समान पगाराचा कायदा केला, आणि सप्टेंबरअखेर पलटणीला मागची सगळी बाकी मिळाली.

या लढ्याची आठवण आपल्या मराठीतही आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ लिहिला, तो अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांनाच अर्पण केला.

मंडळी, आता माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका यार्डात रात्री डबे घसरले. आमचा स्टाफ आणि ठेकेदाराची माणसं पहाटेपर्यंत खांद्याला खांदा लावून झटली. जेवणाची पाकिटं मागवताना मी फक्त आमच्या स्टाफची डोकी मोजली. ती माणसं बाजूला बिडी ओढत बसली. कोणी एक शब्द बोललं नाही. या पलटणीबद्दल वाचलं तेव्हा मला ती पहाट आठवली, आणि लाज वाटली.

म्हणून समितीला एक विनंती. महाप्रसादाला रुळावर आणि कॉलनीत राबणाऱ्या ठेक्यावरच्या माणसांना कुटुंबासह बोलावू या. शेवटच्या पंगतीला नको, आपल्याबरोबर पहिल्याच पंगतीला. यादी करण्याचं काम माझ्याकडे द्या. या वेळी मोजणीत चूक होणार नाही.



गणपती बाप्पा मोरया!