सासर एका राज्यात, माहेर दुसऱ्या

प्रेम जुळलेले, पण राजकीय मते मात्र परस्परविरुद्ध, अशा जोडप्यावर विनोदी नाटक लिहावयास बसलेल्या लेखकाला प्रथम एक सोपी वाट दिसते. दोन अंक भांडण व्हावे, तिसऱ्यात नायिकेला आपली चूक उमगावी आणि पडदा पडावा. ही वाट त्याने टाळलेली बरी. नायिकेने मत सोडले म्हणजे भांडण मिटले असे नव्हे, एक पक्ष हरला एवढेच. आणि हरलेल्या नवरीच्या लग्नाला प्रेक्षकांनी टाळ्या का वाजवाव्यात?

उदाहरणादाखल हैदराबादचा बेगम बाजार घ्यावा. दुसऱ्या निजामाच्या बेगमेने ही जागा व्यापाऱ्यांना दिली, असे सांगतात. येथे मारवाडी पेढीवाला, तेलुगू हमाल, मराठी गिऱ्हाईक, आणि सौदा मात्र दखनीत. भांड्यांची दुकाने तर ठायी ठायी. काळ धरावा १९५५ च्या अखेरचा. फाजल अली आयोगाचा अहवाल नुकताच आला आहे: मराठवाडा मुंबई राज्यात जावा, तेलंगण तूर्त वेगळे राहावे. नायक नांदेडचा, संयुक्त महाराष्ट्राचा कट्टर पुरस्कर्ता. नायिका बेगम बाजारातील भांडेवाल्याची कन्या. हे बहुभाषी राज्य मोडू नये, असे तिचे म्हणणे.

आता कसोटी अशी की दोघांचेही म्हणणे खरे वाटले पाहिजे. निजामी अमलात वरचे शिक्षण उर्दूतून घ्यावे लागले, ही नायकाची सल खोटी नाही. तेलुगू शेजारणीच्या ओसरीवर वाढलेल्या मुलीला तीच ओसरी परकी होणार हे रुचत नाही, हेही तितकेच खरे. लेखकाने यांपैकी एकाला जरी मूर्ख ठरविले, तरी नाटकाचे प्रचारपत्रक होते.

विनोद मतांतून नव्हे, संसारातून काढावा. लग्नाचे घंगाळ, परात, तांबे दुकानात मांडलेले आहेत. नाव कोरणारा कारागीर हातोडी उचलून विचारतो, "गाव नांदेड, ते ठीक. पण राज्य कोणते घालू?" वरपिता म्हणतो महाराष्ट्र, वधूपिता म्हणतो हैदराबाद. भांड्यावर राज्य कशाला हवे, हे कोणाच्याच ध्यानात येत नाही, आणि मुहूर्त पुढे पुढे जातो.

शेवट मात्र लेखकाला रचावा लागत नाही, इतिहासानेच तो रचून ठेवला आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. नायिकेचे हैदराबाद मोडले; पण नायकाला महाराष्ट्र कोठे मिळाला? त्यासाठी १ मे १९६० उजाडावा लागला. दोघेही एकाच दिवशी हरली! लग्नाला याहून चांगला मुहूर्त कोणता?

गंमत अशी की पंडित नेहरूंनी आंध्र व तेलंगण यांच्या मीलनाला विवाहाचीच उपमा दिली होती, आणि न पटल्यास वेगळे होण्याची मोकळीकही त्यात ठेवली होती. २ जून २०१४ रोजी ती वापरली गेली.

खऱ्या संसारात मात्र हे नेहमीच हसण्यावारी जात नाही. केरळात टी. व्ही. थॉमस आणि के. आर. गौरी १९५७ च्या मंत्रिमंडळात एकत्र होते व त्याच वर्षी विवाहबद्ध झाले. १९६४ साली कम्युनिस्ट पक्ष फुटला. ती दोघे दोन पक्षांत गेली आणि संसारही तुटला. उलट १९६३ च्या ऑगस्टात आचार्य कृपलानींनी नेहरू मंत्रिमंडळावर अविश्वासाचा ठराव मांडला आणि ऑक्टोबरात सुचेताबाई काँग्रेसतर्फे उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्री झाल्या. तरी त्यांचा संसार अभंग राहिला. आमच्या नाटककाराने ही दोन्ही घरे नजरेसमोर ठेवावीत. पहिल्या घराची भीती प्रेक्षकाला क्षणभर तरी वाटली नाही, तर दुसऱ्याचे हसू पोकळ होईल.

म्हणून अखेरच्या प्रवेशात समेटाचे भाषण नको. काचीगुड्याहून नांदेडला निघालेली गाडी, भांड्यांचे गाठोडे, आणि अजून वाद घालणारी नवी जोडी असावी. परातीवर दोघांची नावे आहेत, तिथी आहे, गाव आहे. पुढची जागा कारागिराने कोरीच सोडली आहे.