शिपायाचे मन घरात असते
(सशस्त्र सेना ध्वज दिनानिमित्त बालाघाट येथे केलेले भाषण)



आज ७ डिसेंबर. १९४९ पासून हा दिवस ध्वज दिन म्हणून पाळला जातो. आपण खिशाला छोटा ध्वज लावतो, डब्यात पैसे टाकतो आणि घरी जातो. यंदा आम्ही आपल्याकडे पैशांखेरीज आणखी एक गोष्ट मागणार आहोत. त्याआधी एक जुनी हकीकत ऐकावी.

७ डिसेंबर १९१५ रोजी इराकमध्ये तैग्रिस नदीकाठच्या कुत गावाला तुर्की फौजेचा वेढा पडला. आत जनरल टाउनशेंड यांची फौज अडकली होती. तीत मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या: १०३, ११० आणि ११७. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. धान्य आटले तेव्हा घोडे मारून मांस वाटण्यात आले. गोऱ्या शिपायांनी ते खाल्ले, पण हिंदी शिपायांपैकी पुष्कळांनी नाकारले. हिंदुस्थानातील धर्मगुरूंची संमती बिनतारी संदेशाने मागवली, तरी एप्रिलपर्यंत बरेच जण तयार झाले नाहीत. गावी कळले तर जातीबाहेर टाकतील, मुलींची लग्ने जमणार नाहीत, ही त्यांची भीती होती. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार माणसे तुर्कांच्या कैदेत गेली आणि पुढे हजारो परत आलीच नाहीत.

मरण समोर उभे असताना हा शिपाई मुलीच्या लग्नाचा विचार करीत होता. त्याला हट्टी म्हणणे सोपे आहे. आम्ही म्हणतो, शिपायाचे मन घरात असते, आणि हे ज्याला कळते त्यालाच पलटण सांभाळता येते.

पायदळाच्या पलटणीत सात-आठशे माणसे असतात. दारूगोळ्याइतकाच तिथे माणसांचा हिशेब ठेवावा लागतो. कोण रजेवर, कोण आजारी, कोणाची बढती अडली, कोणाचे पैसे घरी पोचले नाहीत, कोणी जखमी झाला तर कळवायचे कोणाला? रजा पाळीने मिळते की वशिल्याने, हे शिपाई बरोबर ओळखतो. घरचे पत्र आले नाही तर त्याचा घास उतरत नाही. सुभेदार साहेब आणि पलटणीचा कारकून हे काम चोख करतात, तेव्हाच मोर्चावरचा माणूस निश्चिंत असतो. इराकच्या मोहिमेत औषधपाणी आणि वाहतूक यांची जी दैना झाली, तिच्यावर चौकशी आयोगाने १९१७ मध्ये ठपका ठेवला आणि भारतमंत्री चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. कारभार ढिसाळ असला की शौर्यही वाया जाते.

आता आपल्या घरात डोकावू या. पलटण आपले काम करते. मराठा पलटणींचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे, महार रेजिमेंटचे आपल्याच राज्यात सागरला. पण तिथल्या कागदावर काय लिहिले आहे, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले? लग्नात आपण सुनेचे नाव बदलतो. मग पलटणीच्या नोंदीत माहेरचे नाव, बँकेत सासरचे. हिंदी कागदात ‘ळ’ नाही, म्हणून काळे यांचे ‘काले’ होतात. जुन्या नोंदीत गाव भंडारा जिल्ह्यात आहे आणि १ मे १९९९ पासून तेच गाव गोंदिया जिल्ह्यात आहे. नवरा असेपर्यंत कोणाचे काही अडत नाही. तो गेल्यावर त्याची विधवा, मी तीच बाई आहे, हे सिद्ध करीत दारोदार फिरते. याला शत्रू जबाबदार नाही, आपला आळस जबाबदार आहे.

म्हणून आमची मागणी अशी. ज्यांच्या घरी सेवारत किंवा निवृत्त सैनिक आहे, त्यांनी या महिन्यात डिस्चार्ज बुक, पेन्शनचा पीपीओ, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक एकत्र ठेवून नावे व जन्मतारखा ताडून पाहाव्यात. सेवेतील मुलाने लग्नाची आणि अपत्याची नोंद पार्ट टू ऑर्डरमध्ये झाली की नाही, ते रजेवर येण्याआधी विचारून यावे. फरक दिसल्यास आज दुरुस्त करावा. आपल्या मंडळाने दर महिन्याला एक दिवस ठरवून हे कागद वाचायला बसावे. अर्ज लिहिताना भाषेची धास्ती नको. घटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे केंद्राच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे आपण मराठीतून गाऱ्हाणे मांडू शकतो. १९५६ मध्ये राज्याची सीमा आपल्या अंगणातून गेली, तरी हा हक्क शाबूत आहे. शासनानेही मराठी दाखले वाचता येणारा माणूस जिल्ह्यात द्यावा, असा ठराव आज आपण करू या.

सीमेवर उभ्या असलेल्या आपल्या मुलाला एवढे तरी कळू द्या, की मागे त्याच्या माणसांचा हिशेब कोणीतरी नीट ठेवत आहे.

जय हिंद! जय महाराष्ट्र!