भग्न इंजिनाची साक्ष
(तिरुक्करुगावूर येथील स्नेहमेळाव्यात दिलेले भाषण)



मुंबई-मद्रास ही आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाची वाट. याच मार्गावर १२ ऑक्टोबर १९७६ रोजी इंडियन एअरलाइन्सचे कॅराव्हेल विमान सांताक्रूझहून उडाले आणि लगेच त्याचे एक इंजिन फुटले. वैमानिकांनी विमान माघारी वळविले. परंतु धावपट्टी गाठण्यापूर्वीच ते कोसळले. आतील सर्व ९५ जण मृत्युमुखी पडले.

अशा वेळी तपासनीस काय करतात? प्रथम कोणता अवशेष कोठे पडला याचा नकाशा आखतात. इंजिनाची पाती फिरण्याच्या उलट दिशेने वाकलेली असली, तर आघातसमयी ते फिरत होते असे समजते. मग तुटलेला धातू सूक्ष्मदर्शकाखाली येतो. वारंवार पडणाऱ्या ताणाने थकलेल्या धातूवर, ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा रेषा उमटतात. त्यांचा माग काढीत भेगेच्या उगमापर्यंत पोहोचता येते.

त्या विमानाच्या कॉम्प्रेसरमधील दहाव्या टप्प्याची चकती अशाच भेगेने फुटली होती. तुकड्यांनी इंधननळ्या तोडल्या, आग भडकली, हायड्रॉलिक द्रव नाहीसा झाला आणि विमानावरील ताबा सुटला.

तपासाचा हेतू दोषारोप नव्हे, तर पुढील अपघात टाळणे हा होय, असे आंतरराष्ट्रीय नियमच सांगतात. या गावी गर्भरक्षांबिकेपाशी अजून न दिसलेल्या जीवासाठी रक्षण मागितले जाते. न दिसणारी भेग वेळीच शोधणे, हेही जीवरक्षणच आहे.