रावबहादूर बोले यांची कौन्सिलांतील कामगिरी



आमदार म्हणजे कोण, असें गांवांत विचारलें तर उत्तर मिळतें: रस्ता आणतो तो, लग्नकार्याला येतो तो, अडीनडीला चिठ्ठी देतो तो. यांत खोटें कांहीं नाहीं. पण कायदेमंडळांत जाऊन त्यानें कोणता कायदा करविला, आणि तो गांवापर्यंत पोंचला कीं नाहीं, हा हिशेब आम्ही मागत नाहीं. तो कसा मागावा हें कळावें म्हणून आज आम्ही रावबहादूर सीताराम केशव बोले यांची कामगिरी आपणांपुढें मांडतों.

बोले हे भंडारी, म्हणजे माडावर चढून पोट भरणाऱ्यांच्या ज्ञातींतले. भीमराव आंबेडकर मॅट्रिक पास झाले तेव्हां १९०७ सालीं मुंबईंत सत्काराची सभा भरली. तिचे अध्यक्ष बोले होते. १९०९ सालीं निघालेल्या कामगार हितवर्धक सभेंत त्यांनीं गिरणी-कामगारांसाठीं काम केलें. पुढें ते मुंबईच्या कायदे कौन्सिलांत गेले.

पहिलें काम पाहा. त्या काळीं गांवचा वतनदार जोशी असे. तुम्ही त्याला न बोलावतां घरचें लग्न उरकलें, तरी तो दक्षिणेसाठीं फिर्याद करी. काम नाहीं, पण दाम द्या! जुन्नर तालुक्यांत ओतूरच्या सत्यशोधकांना यापायीं कोर्टाची पायरी चढावी लागली. बोले यांच्या बिलानें १९२६ सालीं कायदा झाला, आणि न बोलावलेल्या भिक्षुकाचा हा हक्क बुडाला. हा कायदा होता; तो दाखवला कीं कोर्टाचें तोंड बंद.

दुसरें काम अवघड होतें. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं बोले यांच्या ठरावावर कौन्सिलनें शिफारस केली कीं, सार्वजनिक पैशानें बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेंच सरकारी शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावे. सप्टेंबरांत सरकारनें हुकूम काढला. १९२४ च्या जानेवारींत महाड म्युनिसिपालिटीनें चवदार तळें खुलें केल्याचा ठराव केला. कागद पुरा झाला; पाण्याला मात्र कोणी हात लावूं दिला नाहीं. कारण उघड आहे. ठराव म्हणजे शिफारस. ती न पाळणाऱ्याला शिक्षा नव्हती.

येथें बोले यांची खरी योग्यता दिसते. एक ठराव करून ते हार घालून घेत बसले नाहींत. ५ ऑगस्ट १९२६ रोजीं त्यांनीं दुसरा ठराव आणला: ज्या म्युनिसिपालिट्या व लोकल बोर्डें हें मानणार नाहींत, त्यांची सरकारी ग्रँट बंद करावी. नाडी कोठें धरावी हें त्यांना कळत होतें.

तरीही शेवटचें पाऊल लोकांनाच टाकावें लागलें. २० मार्च १९२७ रोजीं डॉक्टर आंबेडकर हजारों लोकांसह चवदार तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यावर स्पृश्यांच्या जमावानें परिषदेच्या लोकांना मारहाण केली. त्याच ऑगस्टांत म्युनिसिपालिटीनें आपला ठराव फिरवला. दावा चालला, आणि १७ मार्च १९३७ रोजीं हायकोर्टानें निकाल अस्पृश्यांच्या बाजूनें दिला. पहिल्या ठरावापासून मोजा: तेरा वर्षांहून अधिक काळ!

आतां आम्हीं आमच्याच मनाला एक प्रश्न करूं. जोशाचा हक्क बुडाला त्याचा आम्हांस आनंद आहे. पण तळें खुलें झाल्याचा तितकाच आनंद आहे काय? स्पृश्य म्हणविणाऱ्यांत केवळ भटजी येत नाहींत. कुणबी, माळी, सुतार, लोहार, सगळे येतात. वरच्याचें जूं मानेवरून काढायचें आणि खालच्याच्या मानेवर तसेंच ठेवायचें, ही सत्यशोधकाची रीत नव्हे. बोले यांनीं दोन्ही जोखडांना एकाच हातानें हात घातला, हीच त्यांची थोरवी.

तेव्हां मत मागायला कोणी आला तर त्याला तीन गोष्टी विचारा. कोणता ठराव किंवा बिल आणलें? तें बिल कायद्यांत उतरलें, कीं नुसती शिफारस राहिली? आणि तें न मानणाऱ्याचें काय केलें? मग घरीं जाऊन चौथा प्रश्न स्वतःला विचारा: आपल्या गांवच्या पाण्यावर, देवळांत, स्मशानांत हा कायदा आपण पाळतों काय?

मुंबईंत दादरला बोले यांच्या नांवाचा रस्ता आहे. त्यांच्या नांवाचा रस्ता गांवांत नसला तरी चालेल. त्यांनीं दाखविलेली वाट गांवांत असावी.